पॅडल बोर्ड घेण्याआधी तो उलटा करून बघा : देवबागमधल्या एका मोसमाचा अनुभव

पॅडल बोर्ड म्हणजे उभं राहून वल्हवायची फळी. माझा बोर्ड तोच, जो सध्या सगळीकडे दिसतो. हवेचा, १० फूट ६ इंच लांब, ३२ इंच रुंद, ६ इंच जाड, १५ पीएसआय हवेच्या दाबाचा. ‘ऑलराउंड’ म्हणून विकतात तो. त्यामुळे मापांवर वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते बोर्डाच्या खालच्या बाजूबद्दल. तिकडे विकत घेताना कुणी बघत नाही. ऐन मे महिन्यात माझी मधली फिन, म्हणजे बोर्ड सरळ ठेवणारं तळाचं पातं, मोडली. तेव्हा समजलं की हा ₹३४,०००चा बोर्ड वीतभर प्लास्टिकवर अडून बसतो, आणि ते प्लास्टिक आपल्याकडे सुटं मिळत नाही.

आधी आमची गरज सांगते. आम्ही राहतो कुडाळला, सासर देवबाग. देवबाग म्हणजे चिंचोळी पट्टी आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि टोकाला दोघांचा संगम. मुलीला पुढे बसवून खाडीत फिरायचं, पाणी निवांत असेल तेव्हा समुद्रात जायचं, अधूनमधून मालवणला चिवला किनाऱ्यावर न्यायचा, आणि नवऱ्याला त्यावर बसून गरी टाकायची. इतक्या कामांना एकच बोर्ड हवा होता आणि तो गाडीच्या डिकीत मावायला हवा होता. म्हणून हवेचा.

या कामांना तो पुरला, हे प्रामाणिकपणे सांगते. ३२ इंच रुंदीवर मी उभी आणि मुलगी पुढे बसलेली असली तरी तो डगमगत नाही. त्याहून अरुंद बोर्ड वेगाने जातात, पण लेकरू घेऊन जाणाऱ्याने पहिला बोर्ड अरुंद घेऊ नये.

आता फिन. सोबत आलेली मधली फिन ९ इंचांची होती. समुद्रात ती उत्तम, बोर्डाचं नाक, म्हणजे पुढचं टोक, सरळ राहतं. कर्लीत मात्र ओहोटीला वाळूचे पट्टे वर येतात आणि ते दर पावसाळ्यानंतर जागा बदलतात. सासरे तिथीची पाऊणपट करून भरती सांगतात : चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणात पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं, अष्टमीच्या भांगेला फारसं हलत नाही. हे सांभाळूनच आम्ही निघायचो. तरी त्या दिवशी पाणी उतरताना, जिथे गुडघाभर खोली दिसत होती तिथे फिन वाळूला लागली. बोर्ड जागच्या जागी थांबला, मी मुलीच्या पाठीवर आदळले. लाइफ जॅकेटमुळे तिला लागलं नाही. फिन मुळापासून मोडून वाहून गेली आणि तिचा बुंधा तेवढा खाचेत अडकून राहिला.

मधली फिन नसलेला बोर्ड काय करतो ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. उजवीकडे वल्हं मारलं की नाक डावीकडे, डावीकडे मारलं की उजवीकडे. बाजूच्या दोन छोट्या फिनांचा काही उपयोग नाही. गुडघ्यांवर बसून, दर दोन वल्ह्यांना हात बदलत काठ गाठला. पाणी संगमाकडे ओढत होतं, म्हणून मला या गोष्टीचा इतका राग आहे. ओहोटीच्या वेळी संगमाच्या तोंडाशी असा बोर्ड घेऊन कुणी सापडू नये.

मग विक्रेता. वॉरंटी शिवणीला आणि व्हॉल्व्हला आहे, फिन ‘अ‍ॅक्सेसरी’त मोडते, असं पहिलं उत्तर. बरं, मग विकत द्या. सुटी मिळत नाही. कधी मिळेल? कळवू. फोटो पाठवा, बिल पाठवा, पुन्हा फोटो पाठवा. शेवटी म्हणतात, नवीन बोर्ड सवलतीत घ्या, त्यात फिन येते! मोडलेल्या फिनसाठी आख्खा बोर्ड घ्यायचा? बाहेरून मागवायची म्हटली तर पाठवणावळ फिनपेक्षा जास्त.

याचं मूळ खाचेत, म्हणजे फिन बॉक्समध्ये आहे. एक प्रकार यूएस बॉक्सचा. लांब खाच, एक स्क्रू आणि छोटी पट्टी. त्यात कुठल्याही कंपनीची त्या मापाची फिन बसते. समुद्राला लांब, उथळ पाण्याला आखूड. दुसरा प्रकार सरकवून खटकी लावायचा. लावायला अर्धा मिनिट, अवजार लागत नाही, म्हणून विकताना तोच मिरवतात. पण ती खाच त्या-त्या कंपनीची. एकीची फिन दुसरीत बसेलच असं नाही. माझा बोर्ड या दुसऱ्या प्रकारातला. खोलगट तळ्यात एकाच फिनवर आयुष्य निघेल. खाडी आणि समुद्र दोन्ही करणाऱ्याला फिन बदलता आलीच पाहिजे, आणि ती सहज मिळालीही पाहिजे.

मालवणात होड्यांचं फायबरचं काम करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे तो अडकलेला बुंधा काढून नेला. त्यांनी उलटापालटा करून बघितला आणि विचारलं, जुनी केवढी होती? मी हात करून दाखवला. “वयनी, येवढी लांब कित्याक व्हयी? खाडयेत आखूडच बरी.” बुंध्याच्या मापाने खालचा भाग घासून त्यांनी ५ इंचांची फिन करून दिली. ₹६०० घेतले.

ती लावून कर्लीत उतरले आणि या बोर्डाबद्दलचं माझं मत फिरलं. जिथे आधी जीव मुठीत धरून जायचे तिथून आता सरळ जाते. नाक थोडं जास्त हलतं, पण संथ पाण्यात ते वल्ह्याने आवरता येतं. बोर्ड विकून टाकायचा विचार तिथेच संपला. पुढे चिवल्यावर आडवा वारा लागला तेव्हा मात्र आखूड फिनवर बोर्ड बाजूला घसरायला लागला, तेव्हा ते कौतुक थोडं मागे घेते. काकांकडून ८ इंचांची दुसरी करून घेतली. आता दोन्ही पिशवीत असतात.

बाकीचं थोडक्यात. हातपंपाने १५ पीएसआय भरणं कोकणातल्या दमटपणात घामटं काढतं, शेवटचे पाच पीएसआय तर अंग टाकूनच भरावे लागतात. तरी गाडीच्या १२ व्होल्टवर चालणाऱ्या पंपाचा खर्च मी केला नाही, करणारही नाही. व्हॉल्व्हची पिन वर आलीय ना ते नळी काढण्याआधी बघा, नाहीतर भरलेली सगळी हवा फसकन जाते. तिथे वाळूचा कण अडकला तर रात्रभरात बोर्ड मऊ पडतो. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, व्हॉल्व्ह पुसून त्याच्या पान्याने घट्ट करा. भरलेला बोर्ड उन्हात वाळूवर टाकून जेवायला जाऊ नका. सकाळी २७ अंशांत भरलेली १५ पीएसआय हवा ५५ अंशांना तापली की १८ च्या जवळ जाते आणि जोडांवर ताण येतो. सावली नसेल तर थोडी हवा सोडा.

बोर्डाला आपल्याशी जोडणारी दोरी खाडीत घोट्याला बांधू नका. ओढ असलेल्या पाण्यात ती जाळ्याच्या खुंटाला किंवा नांगराच्या दोराला अडकली तर वाकून सोडवता येत नाही. कमरेला बांधायचा, एका झटक्यात सुटणारा पट्टा घ्या. पहाटेचे मतलई वारे समुद्राकडे ढकलतात. पाणी आरशासारखं दिसतं आणि परत येताना दम निघतो, म्हणून त्या वेळी आम्ही खाडीतच राहतो.

कुणी विचारलं तर मी हाच आकार सुचवीन, पण यूएस बॉक्सवाला, मग तो तीन-चार हजारांनी महाग का असेना. विक्रेत्याला बोर्डाच्या पोटाचा फोटो मागा. टाळाटाळ केली तर तिथून घेऊ नका. आणि ज्यांच्याकडे माझ्यासारखा खटकीचा बॉक्स आधीच आहे, त्यांनी चांगली फिन हातात असतानाच तिचा बुंधा कागदावर ठेवून बाहेरची रेघ मारून ठेवावी, जाडीही मोजावी. माझ्या दोन्ही फिनांचे साचे पुठ्ठ्यावर कापलेले आहेत. तुमची खाच तशीच दिसत असेल तर फोटो पाठवा, मापं लगेच देते.