महापुरात भिजलेल्या दोन कॅसेट आणि राजारामपुरीतील कारागीर

जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून देण्याचे काम कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका घरात चालते. तेथे पाटी नाही, जाहिरातही नाही. म्हणूनच या सेवेविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढून जिवंत परतले. १९९३ साली वडिलांनी त्यांच्या आठवणी दोन कॅसेटवर टिपून ठेवल्या होत्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी घरात शिरले, तेव्हा त्या पलंगाखालच्या ट्रंकेत होत्या.

त्याआधीच मी त्यातील एक कॅसेट शहरातील दुसऱ्या दुकानात दिली होती. तेथून मिळालेली एमपीथ्री फाइल ऐकायला स्वच्छ होती; पण खरखर काढण्याच्या नादात आजोबांचे 'स' आणि 'श' पुसट झाले होते, आणि बोलता बोलता ते जेथे गप्प होत, त्या जागा चक्क कापल्या होत्या.

राजारामपुरीतील कारागिरांनी कॅसेट लगेच यंत्रात घातली नाही. स्क्रू काढून त्यांनी ती उघडून दाखवली. फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती आणि फितीला हेडशी, म्हणजे यंत्रातील आवाज वाचणाऱ्या भागाशी, टेकवून ठेवणारा नमद्याचा इवलासा तुकडा निखळून आत पडला होता. बुरशी पुसून त्यांनी फीत दुसऱ्या कवचात बसवली, हेडचा कोन तिच्याशी जुळवून घेतला आणि २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइलमध्ये, सारे जसेच्या तसे उतरवले. अशी एका तासाची स्टिरिओ फाइल सुमारे १ जीबीची होते. तिला हात लावायचा नाही, साफसफाई करायची ती प्रतीवर, हा त्यांचा दंडक मला फार मोलाचा वाटतो.

कारण त्या विरामांतच आजोबा आहेत. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील ज्या सेनिओ नदीकाठी मराठा लाइट इन्फंट्रीच्याच नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाचा पराक्रम गाजवला, त्याच नदीविषयी ते म्हणतात, "पंचगंगंएवढी बी न्हवती रं, पर बांध लई उंच." पुढे बराच वेळ फक्त आजीच्या भांड्यांचा आवाज येतो, आणि मग ते गावातल्याच एका सोबत्याचे नाव घेतात.

उणिवाही सांगायला हव्यात. काम आठवड्यात होईल असे सांगितले होते, त्याला महिना लागला. फाइलींना 'बाजू अ', 'बाजू ब' एवढीच नावे होती. कोण बोलते आहे, कोणी, कोठे, कधी टिपले, ही नोंद मलाच करावी लागली. ती नसेल तर पन्नास वर्षांनी हा आवाज कोणाचा, हे ऐकणाऱ्याला कळणार नाही. दर मात्र वाजवी आहे: एका कॅसेटचे ४०० रुपये.

मूळ फाइली मी दोन हार्ड डिस्कवर ठेवल्या. एक डिस्क पुण्याला बहिणीकडे आहे. पहिली कॅसेट इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहालयावर सर्वांसाठी खुली केली. दुसरीत त्या सोबत्याच्या मृत्यूचे वर्णन आहे आणि त्यांचे कुटुंब आजही आमच्याच गल्लीत राहते. त्यांच्या मुलाने ती आमच्या सोप्यात बसून एकदा ऐकली, पुन्हा लावायला सांगितली आणि आईला विचारून कळवतो म्हणाले. तोवर ती फाइल बंदच राहील.