झेडएक्स स्पेक्ट्रम, आठ महिन्यांच्या वापरानंतर: पाच कळा एकदम गेल्या तेव्हा

गेल्या महिन्यात माझ्या ४८ के (४८ किलोबाइट मेमरीच्या) स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकाच्या वाय, यू, आय, ओ आणि पी या पाच कळा एकाच संध्याकाळी बंद पडल्या. या यंत्रावर एक कळ दाबली की अख्खा आदेश उमटतो, त्यामुळे पी गेल्यावर प्रिंट हा शब्द गेलाच, पण कॅसेट टेपवरून काही चढवणेही अशक्य झाले. जे ही कळ दाबल्यावर चढवण्याचा लोड हा आदेश उमटत होता, मात्र त्यापुढची अवतरणचिन्हे सिम्बॉल शिफ्टसह पी दाबूनच मिळतात.

शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याने यंत्र न उघडताच ‘बोर्ड गेला, टाकून द्या’ असे सांगितले आणि तपासणीचे तीनशे रुपये घेतले. पैसे गेल्याचा राग आहेच, पण न पाहता केलेल्या निदानाचा राग त्याहून मोठा आहे. नेमक्या कोणत्या कळा गेल्या एवढे विचारले असते, तरी संशय कुठे घ्यायचा हे त्याला कळले असते. या यंत्राच्या चाळीस कळा पाच-पाचच्या आठ गटांत वाचल्या जातात आणि आठ अधिक पाच अशा केवळ तेरा रेघांवर सगळा कीबोर्ड चालतो. या रेघा मेम्ब्रेनच्या, म्हणजे कळांखालच्या पातळ प्लास्टिक पडद्याच्या, दोन पातळ पट्ट्यांतून बोर्डावरच्या सॉकेटमध्ये उतरतात. प्लास्टिक वयामुळे ठिसूळ होते, पट्टी वाकते तिथे तडा जातो आणि आठांपैकी एक रेघ तुटली की गटातल्या पाचही कळा मुक्या होतात.

रबरी कीबोर्ड म्हणजे निव्वळ काटकसर, असे माझे पहिल्या दिवसापासूनचे मत होते. १९८२ साली १६ के यंत्र १२५ पौंडांना आणि ४८ के १७५ पौंडांना विकायचे, तर कुठेतरी हात आखडणारच. यंत्र उघडल्यावर ते मत बदलावे लागले. सगळ्या कळांचे रबर एकाच अखंड तुकड्याचे आहे, आत एकही स्प्रिंग नाही, आणि चाळीस वर्षांनंतरही ते रबर मऊ आहे. दोष आहे तो त्या दोन पट्ट्यांत.

मी पट्टीचे टोक कात्रीने चार मिलिमीटर कापून पुन्हा बसवले. पाचही कळा चालू झाल्या आणि नवव्या दिवशी पुन्हा गेल्या. मग टपालखर्चासह दीड हजार रुपये मोजून नव्याने बनवलेले मेम्ब्रेन मागवले. वरचा धातूचा पत्रा चिकटवलेला असतो. तो हेअर ड्रायरने गरम करून, कडेने थोडाथोडा सोडवत काढला, तरी एका कोपऱ्याला बाक आलाच.

रंगांच्या चौकटी एकमेकींत मिसळतात, मोठा खेळ टेपवरून चढायला पाच मिनिटे लागतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने भारतात परवान्याखाली काढलेले स्पेक्ट्रम प्लस ज्यांच्या घरी असेल, त्यांनी कडक कळांवर विसंबू नये, कारण त्यांच्याखालीही मेम्ब्रेनच आहे. झाकण उचलताना आधी ते जेमतेम दोन बोटे वर घ्यावे, आत बोटे घालून दोन्ही पट्ट्या सरळ वर ओढून सोडवाव्यात आणि मगच झाकण बाजूला ठेवावे.