हिमबिबट्याच्या नावाखाली ४६,५०० रुपयांना गंडा, स्पितीचं बुकिंग करणाऱ्यांनी वाचा

जानेवारीत गाडी घेऊन हिमाचलमधल्या स्पितीला जाऊ, बर्फातली जंगलं आणि हिमबिबट्या कॅमेऱ्यात टिपू म्हणणाऱ्या माणसानं माझे आणि मेव्हण्याचे मिळून ४६,५०० रुपये गिळले. बुकिंगचे २४,०००, फोर बाय फोरचं डिपॉझिट १५,००० आणि वनखात्याचं कॅमेरा परमिट म्हणून ७,५००. मिरजेहून दिल्लीची रेल्वे, पुढची व्होल्वो, मनालीचं हॉटेल वेगळंच. बाकी पद्धत नेहमीचीच, व्हॉट्सॲप ग्रुप, "दोनच सीट राहिल्यात दादा", ते सांगत बसत नाही.

पण त्यानं पाठवलेल्या पीडीएफमध्ये रूट होता मनाली, अटल टनेल, कुंजुम खिंड, मग स्पितीतलं मुख्य गाव काझा. तिथंच कळायला हवं होतं, तिथंच! आणि मी विचारलं पण होतं, कुंजुम बंद नसतो का म्हणून. तर म्हणाला, "दादा, टनेल झाल्यापासून बारा महिने चालू." आता २०२० पासून आपण बातम्यांत तेच ऐकतोय, ९ किलोमीटरचा बोगदा, लाहौल वर्षभर जोडलं. सागरेश्वरची हरणं आणि चांदोलीचे गवे टिपणाऱ्या माणसाला कसं कळणार की बोगदा रोहतांग खिंडीखालून जातो आणि कुंजुम त्याच्या कितीतरी पुढं, ४,५०० मीटरच्या वर, बर्फानं उन्हाळ्यापर्यंत बंदच. थंडीत काझाला शिमला, किन्नौर, नाको, ताबो असंच जावं लागतं. हे सांगितलं मनालीतल्या एका जीपवाल्यानं, तोवर बुकिंगवाल्याचा फोन बंद. त्यानं पाठवलेल्या फोटोत हिमबिबट्या देवदारच्या दाट जंगलात उभा होता, हिमबिबट्या दिसतो त्या स्पितीतल्या किब्बर गावाकडं तसलं जंगलच नाही, उघडे कडे आहेत सगळे. आणि परमिटचे पैसे खासगी यूपीआयवर मागितले की तिथंच फोन ठेवा, सरकारी फी अशी कुणाच्या नावावर जात नसते.

मनालीत पोलीस म्हणाले सांगलीत तक्रार द्या. सांगलीत म्हणाले तिकडं घडलंय, तिकडं द्या. झिरो एफआयआर, म्हणजे गुन्हा कुठंही घडला तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो ती, म्हटलं तर साहेब माझ्यावरच चढले, "कायदा शिकवू नका, पैसे स्वतःहून दिलेत ना, मग दिवाणी मॅटर आहे." अहो दिवाणी कसलं! बंद रस्ता विकला त्यानं, खोटं परमिट विकलं, मग न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ ठेवलंय कशाला? शेवटी साधा अर्ज म्हणून घेतलं, पोच मागितली तर उद्या या, उद्या गेलं की ते साहेब बंदोबस्तावर. बँकेत "पिन तुम्हीच टाकलाय" एवढं एकच उत्तर. १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंद झाली, पण तोवर त्याचं खातं रिकामं. तुम्ही पैसे गेल्या गेल्या तिथं फोन लावा, होल्ड झाले तर तेव्हाच होतात. सेल्फ ड्राइव्ह म्हणाला तर आधी गाडीचा फोटो मागा, भाड्याच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात, ह्यानं पांढऱ्या पाटीची पाठवली होती.

ठाण्यात घेत नसतील तर तक्रार लेखी एसपींकडं पाठवता येते, मी आता तेच करतोय. सांगली, मिरज, कुपवाडमधलं कुणी ह्याच बुकिंगमध्ये अडकलं असेल तर चॅट आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट डिलीट करू नका, मला मेसेज करा, सगळ्यांचे अर्ज एकत्रच देऊ.