बॅकअपच्या नावाखाली मेमरी कार्ड विकलं, अंबड-सातपूरवाल्यांनो तुमचा डबा तपासून घ्या

५०० जीबी क्लाऊड आणि ४ टीबीची डिस्क, रोज रात्री आपोआप बॅकअप, सर्व्हर गेला तर दुसऱ्या दिवशी काम चालू, असं सांगून आम्हाला जे पॅकेज विकलं त्यातलं क्लाऊड म्हणजे गूगलचं १५ जीबीचं फुकट खातं निघालं आणि डिस्कच्या डब्यात छोटंसं मेमरी कार्ड. वर्षाचे पैसे ॲडव्हान्स घेतले होते.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं मशिनिंगचं युनिट आहे, सगळं जॉबवर्क. शॉप फ्लोअर मिस्टर बघतात, ऑफिस मी बघते. आमचा डेटा म्हणजे टॅलीतले हिशेब, पार्ट्यांची ड्रॉइंग्ज, सीएनसी मशीनचे प्रोग्राम आणि इन्स्पेक्शन रिपोर्ट, आणि यातलं एक जरी गेलं तरी माल अडकतो. पावसाळ्याच्या तोंडावर लाईट ये-जा करत होती, त्यात एकदा सर्व्हरची हार्डडिस्क गेली ती गेलीच. पॅकेज विकणाऱ्या माणसाला फोन केला तर म्हणे, वहिनी टेन्शनच घेऊ नका, सगळं सेफ आहे. येऊन डिस्क लावली, फोल्डर दिसले, फाइलींची नावं दिसली, साइजसुद्धा बरोबर, पण उघडायला गेलं की करप्ट. अगदी सुरुवातीच्या दिवसातल्या काही फाइली तेवढ्या उघडल्या. मग म्हणाला क्लाऊडवरून काढतो, आणि तेव्हापासून फोन बंद.

सातपूरला ओळखीचा एक हार्डवेअरवाला मुलगा आहे, त्याने डबा उघडून दाखवला तेव्हा माझे हातपाय गार पडले. आत एक बोर्ड, त्यावर मेमरी कार्ड, आणि वजन यावं म्हणून चिकटवलेला लोखंडी तुकडा. त्याने समजावलं की अशा डिस्कमधली चिप कॉम्प्युटरला खोटंच सांगते की मी ४ टीबी आहे, कॉम्प्युटर विश्वास ठेवतो आणि लिहीत जातो, खरी जागा संपली की पुढचा डेटा एकतर कुठेच जात नाही नाहीतर जुन्याच्या डोक्यावर लिहिला जातो, पण फाइलींची यादी वेगळ्या जागी असते म्हणून नावं मात्र सगळी व्यवस्थित दिसतात.

आणि इथेच खरी मेख आहे. डिस्क बसवली त्या दिवशी मिस्टरांनी विक्रेत्याला सांगितलं होतं की रिस्टोर करून दाखव, आणि त्याने दाखवलं होतं! एक फाइल डिलीट केली, परत आणली. कार्ड तेव्हा रिकामं होतं, मग येणारच ना. ही माणसं डेमो पहिल्या दिवशीच देतात, कारण नकली डिस्क पहिल्या दिवशी अस्सलसारखीच चालते.

रोज सकाळी 'बॅकअप सक्सेसफुल' असा मेल यायचा. किती फाइली, किती जीबी, काही नाही, नुसती हिरवी टिक. तो मेल बॅकअप झाल्यावर येतच नव्हता, ठरलेल्या वेळेला आपोआप सुटायचा, सर्व्हर बंद पडल्यावरसुद्धा दोन दिवस आला!! क्लाऊडचं खातं त्याच्याच ईमेलवर, पासवर्ड मागितला की सिक्युरिटीसाठी देत नाही म्हणायचा. ते १५ जीबी केव्हाच भरून गेले होते. बिलावर नुसतं 'बॅकअप डिव्हाइस' असं लिहिलंय, कंपनी नाही, मॉडेल नाही, सिरीयल नंबर नाही.

डेटा आम्ही कसा उभा केला ते सांगते, कुणावर वेळ आली तर उपयोगी पडेल. सीएंकडे मागच्या ऑडिटची टॅली होती, त्याच्या पुढच्या विक्रीसाठी जीएसटी पोर्टलवरून जीएसटीआर-१ हे विक्रीचं रिटर्न काढलं, खरेदीसाठी जीएसटीआर-२बी, बाकी बँक स्टेटमेंट आणि कागदी चलनं. प्रोग्राम मशीनच्या कंट्रोलरमध्ये होते तेवढे वाचले, ड्रॉइंग्ज पार्ट्यांकडून परत मेलवर मागवली. जुने इन्स्पेक्शन रिपोर्ट गेले ते गेलेच. जीएसटीचं रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावं लागतं, त्यामुळे हे नुसतं आपलं ऑफिसपुरतं नुकसान नाही.

आता दोन सीलबंद डिस्क घेतल्यात, सिरीयल नंबर बिलावर लिहून घेतला आणि कंपनीच्या साइटवर वॉरंटी तपासली. सातपूरच्या त्या मुलाने एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चालवून दोन्ही पूर्ण भरून परत वाचून बघितल्या, मोठ्या डिस्कला त्यात खूप तास जातात पण जाऊ देत. एक ऑफिसला, एक पाथर्डी फाट्याला घरी, आठवड्याला अदलाबदल, आणि कॉपी झाली की केबल काढायची कारण रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, आलं तर लावून ठेवलेली डिस्कपण लॉक होते. क्लाऊड माझ्या ईमेलवर, पैसे भरून. महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर कालची टॅली रिस्टोर करून शेवटचं व्हाउचर बघते, रिस्टोर कायम वेगळ्या फोल्डरमध्ये करा हं, नाहीतर चालू डेटाच्याच डोक्यावर बसेल. सराफ बाजार, भांडी बाजारवाल्यांनी तर एक कॉपी दुकानाबाहेर ठेवाच ठेवा, २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीच्या पुराने काय केलं ते तुम्हीच बघितलंय.

पोलिसात लेखी तक्रार दिली आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक होते असं वकिलांनी सांगितलं. डबा, बिल आणि ते सगळे मेल जपून ठेवलेत. आमच्यासारखा काळा डबा, कंपनीचं नाव नाही, पासवर्ड विक्रेत्याकडे आणि सकाळी नुसती हिरवी टिक, असं कुणाकडे असेल तर फेकू नका, फॉरमॅट मारू नका, आहे तसा ठेवा आणि तुम्हीही तक्रार द्या. एकट्या युनिटची तक्रार असली की हा धंद्यातला व्यवहार आहे म्हणून बाजूला पडते, चार-पाच जणांचे डबे एकसारखे निघाले तर तसं म्हणता येणार नाही.