जळगावहून गालापागोस: बेटे अप्रतिम, माहितीपत्रक अपुरे

जळगावच्या एका यात्रा कंपनीमार्फत आम्ही उभयतां इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटर पश्चिमेला असलेल्या गालापागोस बेटांवर जाऊन आलो. विमाने आणि निवास यांची व्यवस्था चोख होती. तक्रार आहे ती माहितीपत्रकाबद्दल. २०२४ च्या ऑगस्टपासून बहुतेक परदेशी पर्यटकांसाठी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशशुल्क १०० वरून २०० डॉलर झाले आहे, पण पत्रकात जुनाच आकडा होता आणि फरक आम्हाला विमानतळावर रोख भरावा लागला. बाहेरच्या बिया व कीड बेटांवर पोहोचू नये म्हणून सामानाची कसून तपासणी होते, हेही कोणी सांगितले नाही. परिणामी वाटेत घेतलेली केळी तिथेच सोडावी लागली, आणि रावेरच्या माणसाला ते जरा जास्तच लागले.

बेटांवर मात्र मन रमले. प्राण्यांपासून दोन मीटर अंतर राखण्याचा नियम आहे, पण काळ्या खडकांवर ऊन खात पडलेल्या सागरी इग्वानांना, म्हणजे समुद्रात पोहणाऱ्या मोठ्या सरड्यांना, तो ठाऊक नसतो. ते खुशाल पायवाटेवर आडवे येतात. सांतियागो बेटावरील सलिव्हन उपसागराकाठी थिजलेल्या लाव्हाच्या दोरखंडासारख्या वळ्या पाहताना आपल्या सातपुड्यातील बेसॉल्टची आठवण झाली, फक्त आपला दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षे जुना, तर हा प्रवाह १८९७ च्या सुमाराचा. मार्गदर्शक जाणकार होता, परंतु एवढ्या खर्चात मराठी नाही तरी हिंदी टिपण द्यायला कंपनीला हरकत नव्हती.