माँ ब्लाँ की मॅटरहॉर्न?

आल्प्समध्ये एकच शिखर डोळे भरून पाहायला वेळ असेल, तर निवड या दोघांत येते.

उंचीत माँ ब्लाँ पुढे. फ्रान्स-इटली सीमेवरचा हा ग्रॅनाइटचा डोंगर, पण त्याचा माथा मात्र बर्फाचा. वाऱ्याने आणि हिमवृष्टीने ही टोपी जाड-पातळ होते, म्हणून उंचीही बदलते: 2021 मध्ये 4807.81 मीटर, 2023 मध्ये 4805.59. पश्चिमेकडून येणारी ओली हवा इथे अडते, भरपूर बर्फ पडतं आणि त्यातूनच मेर द ग्लास ही फ्रान्समधली सर्वांत लांब हिमनदी पोसली जाते. तिच्याकडे उतरताना खडकावर, कुठल्या साली बर्फ कुठवर होता हे दाखवणाऱ्या पाट्या दिसतात. '1990' ची पाटी वाचून खाली पाहिलं, की बर्फ कितीतरी खोल गेलेला. पोटात कालवतं.

मॅटरहॉर्न 4478 मीटर, स्वित्झर्लंड-इटली सीमेवर. हिमनद्यांनी चारही बाजूंनी कोरून सुळका केलेला. उतार इतके उभे की बर्फ फारसा टिकत नाही. वरचा नाइस (उष्णता-दाबाने बदललेला पट्टेदार) खडक तर एकेकाळी आफ्रिकेच्या बाजूच्या भूभागाचा. पायथ्याचं झरमॅट पर्जन्यछायेत, त्यामुळे तिथे पाऊस कमी. जोराचा वारा असला की शिखराच्या आडोशाला निशाणासारखा ढग फडफडतो. 2003 च्या कडक उन्हाळ्यात इथल्या हर्नली धारेवर दरड कोसळली. भेगांमध्ये खडक धरून ठेवणारा कायमचा बर्फ वितळला होता.

फोटोसाठी मॅटरहॉर्नच. पण हवामान डोंगराचं काय करतं हे समजून घ्यायचं असेल, तर मी माँ ब्लाँलाच जाईन, तेही लवकर.