बाळाला अंगावर पाजायचं कुशीवर की मागे रेलून?
सिझेरियनचे टाके ओढत असतात तेव्हा कुशीवर पडून पाजणंच मला सोयीचं वाटतं. बाळाला पूर्ण आपल्याकडे वळवायचं, पोटाला पोट, नाक स्तनाग्रासमोर. मग ते मान किंचित मागे टाकून मोठा आ करतं आणि नीट धरतं.

मागे रेलून पाजताना बाळ आपल्या छातीवर पालथं असतं. दूध जोरात येऊन त्याला ठसका लागत असेल तर हेच बरं. फक्त टाक्यांवर पाय येऊ देऊ नका.

खरी भीती डुलकीची. रात्री सोफ्यावर रेलून पाजूच नका गं, डोळा लागला तर बाळ फटीत अडकून गुदमरू शकतं. कुशीवर पाजतानाही उशी, गोधडी त्याच्यापासून लांब. पिऊन झालं की बाळ त्याच्या सपाट अंथरुणावर, उताणंच.